गेम ओपनच होत नाही? आधी तो कुठे अडकलाय ते बघा

प्ले दाबलं, कर्सरशेजारी ते गोल चक्र दोन सेकंद फिरलं, स्टीम, म्हणजे गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप, त्यातलं हिरवं बटण निळं होऊन स्टॉप दाखवायला लागलं आणि मग जणू काही झालंच नाही असं परत हिरवं. एरर नाही, आवाज नाही, साधी काळी स्क्रीनसुद्धा नाही. एरर आला असता तर निदान शिव्या तरी नेमक्या देता आल्या असत्या, इथे सगळं ढिम्म. मग माणूस नेटवर शोधतो आणि पंधरा उपायांची यादी हाती लागते, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्डासारखे भाग विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, अँटीव्हायरस बंद करा, ॲडमिन म्हणून चालवा, गेम काढून परत टाका, आणि तो बिचारा वरपासून खालपर्यंत सगळं करत सुटतो. कधीकधी गेम चालू होतोही. पण पंधरातल्या कशामुळे झाला ते कळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पहिले पाढे पंचावन्न.

मी हे काम स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्यांच्या मशीनवर इतक्या वेळा केलंय की आता माझं पक्कं मत झालंय, 'गेम चालू होत नाही' हा एक आजार नाहीचे. 'पोटात दुखतंय' म्हटल्यासारखं आहे ते. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय हे न विचारता गोळ्या देत बसलं तर कसं होईल, तसंच. म्हणून आधी डबल क्लिक केल्यावर आत काय काय होतं ते बघू, कारण ते एकदा डोक्यात बसलं की त्या पंधरातले दहा उपाय आपल्या कामाचे नाहीत हे बसल्या जागी कळतं.

तुम्ही प्ले दाबता तेव्हा आधी लाँचर, म्हणजे स्टीम किंवा एपिक वगैरे, हा गेम तुमच्या नावावर आहे का, अपडेट बाकी आहे का ते बघतो आणि गेमच्या फोल्डरमधली ईएक्सई फाईल विंडोजच्या हवाली करतो. बऱ्याच ऑनलाईन गेममध्ये त्याच्या आधी अँटी-चीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, उठतं. मग विंडोज त्या ईएक्सईमध्ये लिहिलेली यादी वाचतं, की बाबा मला चालायला या या डीएलएल, म्हणजे तयार कोडच्या, फाईली लागतील, आणि त्या एकेक शोधून मेमरीत आणून बसवतं. यातली एक जरी मिळाली नाही तरी गेमच्या स्वतःच्या कोडची पहिली ओळसुद्धा चालत नाही. सगळ्या मिळाल्या तर मग गेम जागा होतो, स्वतःची सेटिंगची फाईल आणि सेव्ह वाचतो, ग्राफिक्स कार्डला विचारतो की तुला हे हे जमतं का, मग विंडो उघडतो, आणि मग कुठे तुम्हाला कंपन्यांचे ते लोगो दिसतात जे कुणालाच बघायचे नसतात.

म्हणजे लोगो दिसून गेम पडला असेल तर साखळीतला मोठा भाग ठीक आहे, डीएलएल शोधत बसू नका. विंडो उघडून काळीच राहिली तर संशय ग्राफिक्सवर किंवा सेटिंगच्या फाईलवर. आणि काहीच दिसलं नाही तर अडचण त्याच्या आधीची, नाहीतर गेम चालू झालाय पण तुम्हाला दिसत नाहीये. हो, असंही होतं.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, तो उघडा ठेवा आणि मग गेम चालू करा. आता बघा गेमचं नाव यादीत येतं का. येऊन लगेच गायब झालं तर गेम उठला आणि पडला, म्हणजे क्रॅश. आधीपासूनच नाव तिथे बसलेलं असेल तर काल रात्री बंद केलेला गेम खरा बंद झालाच नव्हता, आणि बरेच गेम एकावेळी एकच कॉपी चालू देतात त्यामुळे नवीन कॉपी गुपचूप माघारी जाते. त्याच्यावर राईट क्लिक करून एंड टास्क, विषय संपला. आणि नाव आलं, टिकलं, सीपीयूचा आकडा पण चांगला वर आहे पण स्क्रीनवर काही नाही, तर आधी पाच-दहा मिनिटं थांबा. हल्लीचे गेम पहिल्या वेळी, आणि ड्रायव्हर बदलला की परत एकदा, तुमच्या कार्डासाठी शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्राम, तयार करत बसतात, काही गेम त्याचा टक्का दाखवतात आणि काही दाखवायची तसदी घेत नाहीत. तरी काही नाही तर विंडो दुसऱ्या मॉनिटरवर उघडली असेल, जो मॉनिटर तुम्ही मागच्या आठवड्यात काढून ठेवलाय. आल्ट टॅब करून गेमवर जा आणि विंडोज की, शिफ्ट आणि डावा-उजवा बाण दाबून बघा.

इथेच रिस्टार्टचं पण सांगून टाकतो कारण लोक हसतात त्याला. "मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला" आणि "रिस्टार्ट केला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप नावाचं प्रकरण आलं, ते चालू असेल तर शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते, त्यामुळे ड्रायव्हर वेड्यासारखा वागत असेल तर तो तसाच वेडा परत येतो. रिस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. तेव्हा रिस्टार्टच करा.

आता डीएलएल. हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण यात गैरसमज सगळ्यात जास्त आहेत.

एमएसव्हीसीपी१४० किंवा व्हीसीरनटाईम१४० नावाची डीएलएल सापडत नाही असा मेसेज तुम्ही कधीतरी पाहिलाच असेल. लोकांना वाटतं गेमची फाईल हरवली. ती गेमची नसतेच. गेम बनवणारे सी प्लस प्लसमध्ये लिहितात, मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओनं त्याचा प्रोग्राम बनवतात, आणि त्या प्रोग्रामला लागणारी रोजची कामं करणारा कोड मायक्रोसॉफ्टच्या या डीएलएलमध्ये असतो. हे सगळं एका पॅकेजमधून येतं, त्याचं नाव व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल. नावातला आकडा त्याची पिढी सांगतो, १०० म्हणजे २०१० ची, ११० म्हणजे २०१२ ची, १२० म्हणजे २०१३ ची आणि १४० म्हणजे २०१५ आणि त्यानंतरच्या सगळ्या, त्या एकाच पॅकेजमध्ये येतात. म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये हे पॅकेज आठ-दहा वेळा दिसलं तर घाबरून जाऊ नका आणि साफसफाईच्या नादात उडवू तर अजिबात नका, प्रत्येक जुन्या गेमला आपापल्या पिढीचं लागतं, नवीन टाकलं म्हणून २०१० चं भागत नाही.

उपाय सोपा आहे, मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून ते पॅकेज उतरवा आणि एक्स८६ आणि एक्स६४ दोन्ही टाका. दोन्ही का, तर तुमचं विंडोज ६४ बिट असलं तरी गेम ३२ बिट असू शकतो आणि ३२ बिट प्रोग्रामला ३२ बिटच डीएलएल चालते. जे करायचं नाही ते म्हणजे "फ्री डीएलएल डाऊनलोड" अशा साईटवरून एकेकटी फाईल आणून सिस्टिम३२ मध्ये टाकणं. एक तर ती कुणी बनवलीय माहीत नाही, आणि दुसरं म्हणजे लोक ती चुकीच्या जागी टाकतात, कारण ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिट फाईली असतात आणि ३२ बिट फाईली असतात त्या सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये. उलटं वाटतंय ना, उलटंच आहे, जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून नाव तसंच ठेवलं त्यांनी. मग ३२ बिट फाईल ६४ बिट गेमच्या वाट्याला आली की तो प्रसिद्ध एरर येतो ज्याचा कोड ७बी ने संपतो, त्याचा अर्थच तो आहे की फाईल सापडली पण ती या जातीची नाही. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

डायरेक्टएक्सचं पण असंच. "माझ्याकडे डायरेक्टएक्स १२ आहे मग हा ९ चं काय मागतोय" हा प्रश्न मी शंभरदा ऐकलाय. मुख्य डायरेक्टएक्स ९ विंडोजमध्ये आजही आहे, पण जुने गेम त्याच्यासोबत काही मदतनीस डीएलएल वापरायचे, डी३डीएक्स९ ने सुरू होणाऱ्या, त्या विंडोजसोबत येत नाहीत. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाईम पॅकेज टाकावं लागतं, ते तुमच्या १२ ला धक्का लावत नाही, नुसत्या राहिलेल्या फाईली भरतं.

आणि आता माझी स्वतःची फजिती. एक गेम होता, अपडेट आल्यावर उघडेना. मी व्हेरिफाय केलं, म्हणजे लाँचर प्रत्येक फाईल मूळ फाईलशी ताडून बघतो ते, सगळं ठीक आलं. मग वैतागून गेम काढला आणि ९० जीबी परत उतरवला, रात्रभर डाऊनलोड, सकाळी प्ले दाबलं, परत ढिम्म. दोन दिवसांनी सहज फोल्डर उघडून बघितलं तर आत डीइनपुट८ नावाची एक डीएलएल, तारीख दोन वर्षांपूर्वीची! कधीकाळी मी एक मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी बाहेरची भर, टाकला होता त्याची. गोष्ट अशी आहे की व्हेरिफाय करताना स्टीम फक्त स्वतःच्या यादीतल्या फाईली तपासतं, तुम्ही वरून टाकलेल्या जास्तीच्या फाईलींकडे ढुंकून बघत नाही, आणि अनइन्स्टॉल केलं तरी त्या फोल्डरमध्ये तशाच पडून राहू शकतात. आणि विंडोज डीएलएल शोधताना बहुतेक फाईलींसाठी आधी गेमच्याच फोल्डरमध्ये बघतं, मग सिस्टिमच्या. मॉडवाले याच सवयीचा फायदा घेतात, ओळखीच्या नावाची डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायची की विंडोज बिनबोभाट तीच उचलतं. गेम बदलला, मॉड तोच जुना राहिला, बसले दोघं भांडत. फाईल उडवली, गेम चालू. काखेत कळसा आणि गावाला ९० जीबीचा वळसा.

तेव्हा व्हेरिफाय नक्की करा, स्टीममध्ये गेमवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाईल्स, तिथे आहे, एपिक आणि गॉगमध्ये पण असतं, खराब डाऊनलोडवर ते रामबाण आहे. पण मॉड असतील तर त्यांच्या फाईली गेमच्या फोल्डरमधून आधी हातानं काढा. रीइन्स्टॉल हा माझ्या मते सगळ्यात शेवटचा उपाय आहे आणि बहुतेक वेळा व्हेरिफायनं जे झालं नाही ते त्यानंही होत नाही.

विंडोज सगळं लिहून ठेवतं, आपण वाचत नाही

क्रॅश झाला, काहीच सांगितलं नाही, असं आपण म्हणतो तेव्हा ते खोटं असतं बरं का. विंडोजनं नोंद केलेली असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि गेम पडला त्या वेळेची लाल खुणेची ओळ शोधा, इव्हेंट आयडी १००० असेल. ते बघून गरगरायला होत असेल तर स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाईप करा, तारखेनुसार तीच माहिती जरा माणसांना कळेल अशी मिळते. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या, फॉल्टिंग मॉड्यूल म्हणजे कुठल्या फाईलमध्ये पडला, आणि एक्सेप्शन कोड म्हणजे का पडला.

मॉड्यूलचं नाव एनव्ही ने सुरू होत असेल तर ती बहुधा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची फाईल, एटीआय किंवा एएमडी ने असेल तर एएमडीच्या, आयजीडी ने असेल तर इंटेलच्या. मग ड्रायव्हर हा खरा संशयित, तेव्हा कुठे तो अपडेट करण्यात अर्थ आहे, आणि नुकताच अपडेट केल्यावर हे सुरू झालं असेल तर उलट मागच्या व्हर्जनवर जाण्यात. एखाद्या ओव्हरलेच्या किंवा रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरची फाईल दिसली तर तो बंद करा, डिस्कॉर्ड, रिव्हाट्यूनर, स्टीमचा स्वतःचा ओव्हरले, ही मंडळी गेमच्या चित्रावर आपलं चित्र काढण्यासाठी गेमच्या आत शिरतात आणि कधीकधी आत शिरताना दार मोडतात. फक्त एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस दिसलं तर त्यावरून काही ठरवू नका. त्या विंडोजच्या अगदी खालच्या फाईली, सगळ्यांचे अपघात त्यांच्याच दारात होतात, म्हणून विंडोज बिघडलंय असं नाही.

कोडचं म्हणाल तर ०००५ ने संपणारा सगळ्यात जास्त दिसतो, गेमनं मेमरीत नको तिथे हात घातला एवढाच त्याचा अर्थ, कारण काहीही असू शकतं. १३५ ने संपणारा म्हणजे डीएलएल नाही. आणि १डी ने संपणारा फार मजेदार, कारण तो म्हणतो की गेमनं प्रोसेसरला असं काम सांगितलं जे त्या प्रोसेसरला येतच नाही. जुन्या मशीनवर हे होतं. एव्हीएक्स नावाच्या सूचना इंटेलच्या चिपमध्ये २०११ साली आल्या, एव्हीएक्स२ आल्या २०१३ साली, आणि नंतरच्या कित्येक पेंटियम-सेलेरॉन चिपमध्ये त्या ठेवल्याच नव्हत्या. गेमला त्या लागत असतील तर तुम्ही ड्रायव्हर बदला, विंडोज बदला, देव पाण्यात ठेवा, गेम चालणार नाही. हे लवकर कळलेलं बरं.

ग्राफिक्स कार्डाचं पण तसंच आहे थोडं. लोक मेमरी किती जीबी ते बघतात, पण गेम चालू होतो की नाही हे ठरतं कार्डाला कुठली कामं जमतात त्यावर. रनमध्ये डीएक्सडायग टाईप करून डिस्प्लेच्या टॅबमध्ये फीचर लेव्हल्स बघा. तिथे १२ ने सुरू होणारा आकडाच नसेल आणि गेमला तो हवा असेल तर विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असून उपयोग नाही. काही गेम लाँच ऑप्शनमध्ये डीएक्स११ असं लिहिलं की जुन्या मार्गानं उघडतात, करून बघायला काही जात नाही. पण २०२५ च्या डूम द डार्क एजेससारख्या गेमला रे ट्रेसिंगचं, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजण्याचं, हार्डवेअर कार्डातच लागतं, तिथे पळवाट नाही.

लॅपटॉपवाल्यांनी अजून एक बघायचं. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं छोटं आणि एक वेगळं मोठं, आणि विंडोज कधीकधी गेमला छोट्याच्या गळ्यात मारतं. मग मोठं कार्ड असूनही गेम म्हणतो कार्ड चालणार नाही. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जाऊन त्या गेमची ईएक्सई निवडा आणि हाय परफॉर्मन्स करा.

काल चालत होता, आज नाही

हे ऐकलं की माझा पहिला प्रश्न असतो, मध्ये काय बदललं? उत्तर नेहमी "काहीच नाही" असतं आणि ते नेहमी चूक असतं. विंडोज रात्री स्वतःला अपडेट करतं, ड्रायव्हर करतो, गेम करतो. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं तेव्हा असॅसिन्स क्रीड मालिकेतले काही गेम उघडेनासे झाले, इतके की मायक्रोसॉफ्टनं ते गेम असलेल्या मशीनवर अपडेट काही काळ थांबवून धरलं होतं. तिथे घरात बसून कितीही खटपट केली असती तरी उत्तर बाहेरूनच येणार होतं. म्हणून अपडेटची यादी आणि त्याच्या तारखा आधी बघा.

दुसरं म्हणजे सेटिंगची फाईल. तुम्ही शेवटी रिझोल्यूशन बदललं, मॉनिटर बदलला, किंवा गेम चालू असताना लाईट गेली आणि फाईल अर्धवट लिहिली गेली, आता गेम प्रत्येक वेळी तीच फाईल वाचून पडतो. ती सहसा डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स नावाच्या फोल्डरात किंवा ॲपडेटामध्ये असते. डिलीट करू नका, तिचं नाव बदला, गेम नवीन बनवतो. आणि त्याच्या आधी सेव्हच्या फाईली दुसरीकडे कॉपी करून ठेवा, बरेचदा त्या शेजारीच असतात आणि घाईत दोन्ही उडवलेले लोक मला माहितेत, एकाची तर साठ-सत्तर तासांची कमाई गेली.

डॉक्युमेंट्सवरून आठवलं, विंडोज १० मध्ये २०१७ साली रॅन्समवेअरपासून वाचवायला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस नावाची सोय आली. मुळात बंद असते, पण कुणीतरी चांगल्या हेतूनं चालू केली असेल तर अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्समध्ये लिहू देत नाही, गेमला सेव्हचं फोल्डर बनवता येत नाही आणि तो एक शब्द न बोलता मरतो. विंडोज सिक्युरिटीत जाऊन त्या एका गेमला परवानगी द्या, सगळं संरक्षण बंद करायची गरज नाही. अँटीव्हायरसचं पण हेच, तो बंद करून गेम खेळू नका, क्वारंटाईनची, म्हणजे त्यानं बाजूला काढून ठेवलेल्या फाईलींची, यादी बघा, गेमची फाईल त्यात दिसली आणि गेम अधिकृत ठिकाणचा असला तरच ती परत आणा.

आणि एक खास आपल्यासाठी, ज्यांची लिपी इंग्रजी नाही त्या सगळ्यांसाठी. विंडोज टाकताना कौतुकानं युझरचं नाव देवनागरीत दिलं की सी ड्राईव्हवरचं तुमचं फोल्डर त्याच नावाचं बनतं. काही गेमच्या कोडला तो पत्ता वाचताच येत नाही, सेव्ह कुठे ठेवायचं कळत नाही, पडतात. सेटिंगमध्ये नुसतं नाव बदलून ते फोल्डर बदलत नाही हे लक्षात ठेवा. इंग्रजी नावाचं नवीन युझर अकाऊंट बनवून त्यात गेम उघडतो का ते बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा.

अँटी-चीटवाले गेम वेगळ्या तऱ्हेचे. त्यांचं अँटी-चीट बऱ्याचदा विंडोजच्या गाभ्यात बसतं आणि आजूबाजूला काय काय चालू आहे ते बघून पसंत नाही पडलं तर गेमला उघडूच देत नाही. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या दोन सोयी मागतो, २०२५ च्या बॅटलफील्ड ६ ला पण सिक्युअर बूट लागतं. हे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, चालू करायचं असतं, पण थांबा, लगेच जाऊन करू नका. आधी विंडोजमध्ये सिस्टिम इन्फॉर्मेशन उघडा आणि बायोस मोड बघा. तिथे यूईएफआय असेल तर ठीक. लेगसी असेल तर तुमच्या डिस्कची मांडणी बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे आणि बायोसमध्ये सरळ बदल केलात तर गेम सोडा, विंडोजच उघडणार नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, त्याचं टूल विंडोजमध्येच आहे, एमबीआर२जीपीटी, पण त्याआधी बॅकअप घ्या आणि बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे ज्याला जमणार नाही असं वाटतं त्यानं जाणकार माणूस शेजारी बसवावा.

जुन्या सीडीवाल्या गेमचं मात्र वाईट वाटतं. २००० च्या दशकातल्या कितीतरी गेममध्ये सेफडिस्क नावाचं कॉपी संरक्षण होतं, ते चालायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागायचा. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली म्हणून २०१५ मध्ये विंडोज १० आलं ते त्याच्याशिवायच, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जुन्या विंडोजवरही तो अपडेटनं बंद केला. त्यामुळे तुमची सीडी अस्सल आहे, एक ओरखडा नाही, पैसे देऊन घेतलेली आहे, आणि तरी गेम उघडत नाही. कंपॅटिबिलिटी मोडनं, म्हणजे विंडोजला जुन्या विंडोजचं सोंग घ्यायला लावून, यात काही होत नाही. कॉपी संरक्षण काढलेली अधिकृत डिजिटल आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी लागते.

आता सगळ्यात त्रासदायक प्रकार, जिथे एररच खोटं बोलतो. २०२४ मध्ये खूप लोकांना अनरिअल इंजिनवरचे गेम चालू करताना, नेमके शेडर तयार होत असताना, व्हिडिओ मेमरी संपली असा मेसेज यायचा. कार्डात भरपूर मेमरी, तरीही संपली. लोकांनी कार्ड बदलली, ड्रायव्हर बदलले. निघालं काय तर दोष इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये, त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं आणि त्यानं चिप हळूहळू खराब व्हायच्या. शेडर बनवताना प्रोसेसर सगळ्या कोअरनिशी राबतो, गणित चुकतं, आणि गेमला वाटतं मेमरीत गडबड आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलनं मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला कोड सुधारणारं अपडेट, दिला, तो मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतो, आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जी चिप आधीच बिघडली ती अपडेटनं सुधारत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. म्हणून एकच नाही तर चार-पाच वेगवेगळे गेम वेगवेगळ्या कारणांनी पडायला लागले तर गेमच्या मागे लागणं सोडा. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला जास्त वेगानं पळवणारी सेटिंग, बंद करून बघा, ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे प्रोसेसर किंवा कार्ड ठरल्यापेक्षा जोरात पळवलं असेल तर काढा, मेमरी टेस्ट रात्रभर लावा.

काहीच हाती लागलं नाही तर क्लीन बूट, म्हणजे मागे गुपचूप चालणाऱ्या बाहेरच्या सर्व्हिस न उठवता विंडोज चालू करणं. एमएसकॉन्फिग उघडायचं, सर्व्हिसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या लपवायच्या, हे विसरू नका, आणि उरलेल्या बंद करून रिस्टार्ट करायचं. गेम उघडला तर दोषी त्या उरलेल्यातच आहे. मग अर्ध्या चालू करा, परत बघा, मग त्यातल्या अर्ध्या. तीस सर्व्हिस असल्या तरी पाच फेऱ्यांत चोर सापडतो, एकेक करत बसलात तर रविवार जाईल. आणि प्रत्येक वेळी काय बदललं ते कुठेतरी लिहून ठेवा, मोबाईलमध्ये नोट केलं तरी चालेल, कारण तिसऱ्या तासाला आपण काय केलंय आणि काय नाही हे कुणालाच आठवत नाही, मला तर नाहीच.

गेम नवीन विकत घेतलेला असेल तर एका गोष्टीवर मात्र पहिल्या मिनिटापासून लक्ष ठेवा. स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात, पण ते दोन तास म्हणजे तुम्ही खेळलेले नव्हेत, स्टीमच्या हिशोबानं गेम चालू असलेले. गेमचा स्वतःचा लाँचर उघडून तुम्ही सेटिंग चाळत बसलात, किंवा गेम मागे अडकून पडला, स्टॉपचं निळं बटण तसंच, आणि तुम्ही तिकडे उपाय वाचताय, तरी घड्याळ चालूच असतं. तेव्हा उपाय शोधायला बसण्याआधी ते निळं बटण दाबून हिरवं करा.